पाहणें आणि ठरविणें

थंडीच्या दिवसांत रात्रीं नऊच्या सुमारास मृगनक्षत्र चांगलें वर आलेलें असतें. त्याच्या पायाशीं राजन्य नांवाचा जो तेजस्वी तारा आहे, त्याच्या शेजारून फिकट ताऱ्यांची एक रांग निघते आणि नागमोडी वळणें घेत दक्षिणेकडे दूरवर उतरत जाते. मराठींत या तारकासमूहाला यमुना असें नांव आहे. या यमुनेंत, साध्या डोळ्यांना जेथें केवळ काळोख दिसतो अशा एका ठिकाणीं, एक दीर्घिका आहे. जॉन हर्शेल या इंग्रज ज्योतिर्विदानें केपटाउनजवळ मुक्काम असतांना १८३५ सालीं तिची प्रथम नोंद केली. पुढें १८८८ सालीं ड्रेयर यानें प्रसिद्ध केलेल्या यादींत तिला तेराशेवा क्रमांक मिळाला, आणि एन. जी. सी. १३०० हेंच तिचें नांव होऊन बसलें.

लहान दुर्बिणींतून ही दीर्घिका पाहिली तर कांचेवर निःश्वास सोडल्यावर उमटणाऱ्या पुसट डागाहून ती फारशी निराळी दिसत नाहीं. परंतु हबल दुर्बिणीनें २००४ सालीं तिच्या ज्या प्रतिमा घेतल्या, त्यांवरून तयार झालेलें चित्र ज्यानें एकवार पाहिलें तो तें सहसा विसरणार नाहीं. मध्यभागीं पिवळसर तेजाचा गोळा. त्याला आरपार छेदून दोन्ही बाजूंस गेलेला ताऱ्यांचा एक लांब, जवळजवळ सरळ पट्टा. आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांपासून निघून सावकाश वळत गेलेल्या दोन विशाल भुजा. भुजांवर निळ्या ताऱ्यांचे पुंजके आणि चमकणाऱ्या हायड्रोजन वायूचे गुलाबी ठिपके विखुरलेले आहेत. पट्ट्याच्या लांबीवरून धुळीच्या काळसर रेघा आंत उतरत गेलेल्या आहेत. अशा दीर्घिकेला दंडयुक्त सर्पिल दीर्घिका म्हणतात, आणि या जातीचा नमुना म्हणून ग्रंथकार बहुधा हेंच चित्र पुढें करतात.

येथें वाचकांस एक गोष्ट आधींच सांगून टाकणें बरें. मी ज्योतिषशास्त्राचा अभ्यासक नाहीं, हौशी वाचक आहें. आणि या लेखाचा प्रश्नहि ज्योतिषाचा नाहीं. जें आपण दुरून, एकाच बाजूनें आणि उशिरां पाहिलें, त्याविषयीं निर्णय देण्याचा आपला अधिकार कितपत आहे, हा प्रश्न मला कांहीं दिवसांपासून छळीत आहे. तो प्रश्न मनांत कां आला तें पुढें सांगेन. आधीं या दीर्घिकेपासून काय शिकतां येतें तें पाहूं.

शास्त्रज्ञ म्हणतात कीं, ही दीर्घिका आपणांपासून सुमारें सहा ते सात कोटी प्रकाशवर्षें दूर आहे. तिचा विस्तार एक लाख प्रकाशवर्षांहून अधिक आहे. तिच्या केंद्रांत सूर्याच्या कोट्यवधि पट वस्तुमानाचें कृष्णविवर आहे. हीं विधानें वाचतांना आपणांस वाटतें कीं, या सर्व गोष्टी कोणीतरी पाहिल्या. वस्तुतः यांपैकीं एकहि गोष्ट कोणी पाहिलेली नाहीं. पाहिलें गेलें तें इतकेंच : आकाशाच्या अमुक बिंदूवर, अमुक आकाराचा, अमुक रंगांचा प्रकाश आहे, आणि तो प्रकाश लोलकासारख्या साधनानें पसरला असतां त्याच्या वर्णपटांतील परिचित रेषा आपल्या जागेवरून तांबड्या टोकाकडे थोड्याशा सरकलेल्या दिसतात. एवढें दर्शन, बाकीचें सारें अनुमान. रेषा किती सरकल्या यावरून असें ठरतें कीं, ही दीर्घिका सेकंदाला सुमारें १,५७७ किलोमीटर या गतीनें आपणांपासून दूर जात आहे. विश्व प्रसरण पावत असल्यामुळें दूरच्या दीर्घिका अधिक वेगानें दूर जातात. म्हणून गतीवरून अंतर काढतां येतें. परंतु दीर्घिकांना शेजारहि असतो, आणि शेजाऱ्यांच्या आकर्षणामुळें त्यांच्या गतींत शेंकडों किलोमीटरांचा फरक पडूं शकतो. म्हणून दुसऱ्या रीतींनीं अंतर मोजावें लागतें, आणि निरनिराळ्या रीतींचीं उत्तरें तंतोतंत जुळत नाहींत. कोणी सहा कोटींच्या जवळ येतो, कोणी सातांच्या. ज्याला ‘सहा ते सात’ म्हणतात त्या बोलण्यांत एक कोटी प्रकाशवर्षांची फट आहे, आणि ती फट शास्त्रज्ञ लपवीत नाहींत.

अंतर बदललें म्हणजे त्यावर अवलंबून असलेलें सर्वच बदलतें. विस्तार बदलतो, तेज बदलतें, केंद्रांतील वस्तुमान बदलतें. त्या केंद्राची गोष्ट तर विशेष बोधप्रद आहे. कांहीं दीर्घिकांचीं केंद्रें इतकीं प्रखर असतात कीं, तेथें कृष्णविवर वायु गिळीत असलें पाहिजे हें त्यांच्या प्रकाशावरूनच कळतें. एन. जी. सी. १३०० चें केंद्र तसें नाहीं. तें शांत आहे. वरवर पाहणारा म्हणेल कीं, येथें कांहीं नाहीं. परंतु केंद्राभोंवतीं फिरणाऱ्या वायूची गति हबल दुर्बिणीच्या साह्यानें मोजतां आली, आणि २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असा निष्कर्ष निघाला कीं, तेथें सुमारें ६.६ कोटी सूर्यांइतकें वस्तुमान अतिशय थोड्या जागेंत सांठलेलें असावें. या आंकड्यासोबत त्याच अभ्यासकांनीं हेंहि लिहून ठेवलें कीं, खरी संख्या याच्या निम्मी असूं शकेल, किंवा जवळजवळ दुप्पटहि असूं शकेल. मला तो आंकडा जितका आश्चर्यकारक वाटला त्याहून त्याच्या शेजारीं लिहिलेली ही कबुली अधिक आश्चर्यकारक वाटली. आपण रोजच्या व्यवहारांत कोणाविषयीं कांहीं बोलतों तेव्हां ‘माझें म्हणणें निम्म्यानें चुकीचें असूं शकेल’ असें कितीदां सांगतों ?

आतां त्या दंडाकडे पाहूं. चित्रांत तो एखाद्या तुळईसारखा भक्कम दिसतो. पण दंड नांवाची वस्तु तेथें नाहीं. लांबट कक्षांतून फिरणारे अगणित तारे ज्या रीतीनें एकत्र येतात त्या रीतीचें नांव दंड. नदींतला भोंवरा एका जागीं दिसतो, पण त्यांतील पाणी क्षणोक्षणीं निराळें असतें. दीर्घिकेच्या भुजांचेंहि पुष्कळसें असेंच आहे. भुजेंत आज जे तारे आहेत ते कालांतरानें तींतून बाहेर पडतात, दुसरे तींत शिरतात, आणि आकार मात्र कायम राहतो. हा आकार मिथ्या आहे असें मात्र नव्हे. त्याचें कार्य अगदीं खरें आहे. दंडाच्या ओढीनें वायूची फिरण्याची शक्ति कमी होते, तो धुळीच्या त्या काळ्या रेघांच्या वाटेनें आंत घसरतो, आणि केंद्राभोंवतीं सुमारें तीन हजार तीनशें प्रकाशवर्षें रुंदीची आणखी एक लहान सर्पिल रचना तयार होते. मोठ्या सर्पिलाच्या पोटांत दुसरें सर्पिल, असें तें दृश्य आहे. तेव्हां आकार खरा, त्याचें कार्य खरें. चूक होते ती त्या आकाराला घट्ट, न बदलणारी वस्तु समजण्यांत.

आणि सर्वांत मोठी गोष्ट काळाची. तो प्रकाश तेथून निघाला त्यास सहा-सात कोटी वर्षें झालीं. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा झाला, त्या लाव्ह्याचे प्रचंड लोट दख्खनच्या भूमीवर सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं वाहत होते. म्हणजे आज जो प्रकाश दुर्बिणींत शिरतो तो साधारणतः त्याच युगांत घरांतून निघालेला वाटसरू आहे. तो जी बातमी आणतो ती त्या वेळची. ‘ही दीर्घिका अशी आहे’ हें वाक्य म्हणूनच शब्दशः बरोबर नाहीं; ‘अशी होती’ असें म्हणावयास पाहिजे. ज्योतिर्विद् सोयीसाठीं वर्तमानकाळ वापरतात, पण त्यांच्यापैकीं कोणीहि त्या वर्तमानकाळानें फसत नाहीं.

मी फसलों, तें आतां सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका संस्थेच्या ग्रंथालयासाठीं साहाय्यक नेमावयाचा होता, आणि निवड करणाऱ्यांत मी होतों. आलेल्या अर्जांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा अर्ज होता. बावीस वर्षांपूर्वीं वार्षिक परीक्षेच्या वेळीं त्याच्या बाहींत लिहिलेला कागद सांपडला होता, आणि तो पकडणारा मीच होतों. अर्जावर चर्चा चालली असतां मीं एकच वाक्य उच्चारलें : “याला मी ओळखतों, परीक्षेंत कागद घेऊन बसणाऱ्यांतला हा आहे.” माझें वय आणि माझा अनुभव यांमुळें त्या वाक्याला वजन आलें. अर्ज बाजूला पडला. कोणी अधिक विचारलें नाहीं, आणि मलाहि त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. उलट, एक कर्तव्य पार पाडल्याचें समाधान घेऊन मी घरीं आलों.

महिन्याभरानें दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून सहज कळलें कीं, हा गृहस्थ एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो, आणि गेलीं दहा वर्षें आपल्या राहत्या खोलींत, स्वतःच्या पैशानें घेतलेलीं पुस्तकें मांडून, गल्लींतील मुलांसाठीं संध्याकाळचें वाचनालय चालवितो. ग्रंथालयाच्या त्या जागेस त्याच्याहून योग्य माणूस आम्हांस मिळाला असता असें मला वाटत नाहीं.

त्या दिवसापासून मीं माझें तें वाक्य पुष्कळदां तपासून पाहिलें. कागद सांपडला होता हें सत्य. मीं स्वतः तो पाहिला हेंहि सत्य. वाक्यांत खोटा होता तो केवळ एक शब्द : ‘आहे’. बावीस वर्षांपूर्वीं निघालेला प्रकाश मीं आजचा म्हणून चारचौघांपुढें ठेवला, आणि त्याची तारीख सांगितली नाहीं. शिवाय एका दुपारच्या एका कृतीवरून ‘अशांतला हा’ असा स्वभावाचा निर्णय मीं काढला. म्हणजे क्षणभर दिसलेल्या आकाराची मीं न बदलणारी वस्तु करून टाकली. ज्योतिर्विद् ज्या चुका निर्जीव ताऱ्यांच्या बाबतींत करीत नाहीं, त्या मीं एका जिवंत माणसाच्या बाबतींत केल्या.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, इतका विचार करावयाचा तर कोणाविषयीं कांहीं बोलतांच येणार नाहीं. न्यायाधीशानें शिक्षा द्यावी कशी, शिक्षकानें गुण द्यावे कसे, बापानें मुलीसाठीं स्थळ पाहावें कसें ? निर्णय घेतल्यावांचून जग चालत नाहीं, आणि सतत संशयांत राहणारा माणूस शेवटीं निरुपयोगी होतो. हा आक्षेप बिनतोड आहे, पण तो माझ्या म्हणण्यावर लागू पडत नाहीं. ज्योतिर्विद् कांहीं मौन धरून बसलेला नाहीं. अंतर नक्की ठाऊक नाहीं म्हणून त्यानें अंतर सांगण्याचें सोडलें नाहीं. तो ‘सहा ते सात कोटी’ म्हणतो आणि पुढचें काम करतो. संशय आणि मर्यादा या दोन वस्तु भिन्न आहेत. संशयी म्हणतो, मला कांहींच कळत नाहीं. मर्यादा जाणणारा म्हणतो, मला इतकें कळतें, इतक्या पुराव्यावरून कळतें, आणि इतकें चुकूं शकतें. पहिल्यापासून आळस निर्माण होतो, दुसऱ्यापासून शास्त्र निर्माण झालें. त्या दिवशीं मीं ‘बावीस वर्षांपूर्वीं याच्याकडे कागद सांपडला होता, त्यानंतरचें मला माहीत नाहीं’ एवढें म्हटलें असतें, तर समितीला निर्णय घेण्यास अडचण पडली नसती. कदाचित् निर्णय तोच झाला असता. पण तो सत्यावर झाला असता.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. कोणी म्हणेल, दीर्घिकेच्या वर्तनाला चांगलें किंवा वाईट म्हणतां येत नाहीं. माणसाच्या वर्तनाला म्हणतां येतें. गति मोजणें निराळें आणि चारित्र्य ओळखणें निराळें. एकाचे नियम दुसऱ्याला लावूं नयेत. भेद आहे हें मला मान्य आहे. परंतु त्या भेदानें आपली जबाबदारी कमी होते कीं वाढते ? दीर्घिकेविषयीं आपण चुकलों तर तिचें कांहीं बिघडत नाहीं. तिच्या केंद्रांतील कृष्णविवर निम्में म्हटलें काय आणि दुप्पट म्हटलें काय, तिच्या एकाहि ताऱ्याची वाट त्यामुळें बदलत नाहीं. माणसाविषयीं आपण चुकलों तर त्याची भाकरी जाते, नांव जातें, कित्येकदां मनाचा धीरहि जातो. जेथें चुकीनें कोणाचें नुकसान नाहीं तेथें आपण दशांशचिन्हापुढील आंकडे जपावे, आणि जेथें चुकीनें आयुष्य बदलतें तेथें आठवणीच्या एका तुकड्यावर भागवावें, ही उलटी रीत झाली. शिवाय आणखी एक भेद आहे, तो तर आपणांस अगदींच निरुत्तर करणारा आहे. दीर्घिकेला प्रश्न विचारतां येत नाहीं. तिच्याजवळ जातां येत नाहीं, तिला वळसा घालून दुसरी बाजू पाहतां येत नाहीं. दूर राहून अनुमान करणें एवढाच उपाय ज्योतिर्विदापुढें असतो. माणसाला मात्र विचारतां येतें.

मग आपण विचारीत कां नाहीं ? मला वाटतें, याचें कारण असें कीं, जवळच्या वस्तूंना आपण पाहिलेल्या समजतों. दूरचें पाहतांना मनुष्य सावध असतो. जवळचें पाहतांना तो गाफील होतो. हें दीर्घिकांच्या बाबतींतहि घडलें आहे. एन. जी. सी. १३०० चा दंड छायाचित्रांत ढळढळीत दिसत होता. एड्विन हबल यानें १९२६ सालीं दीर्घिकांचें जें वर्गीकरण प्रसिद्ध केलें त्यांत दंडयुक्त सर्पिलांचा स्वतंत्र वर्गच आहे. पण आपली स्वतःची आकाशगंगाहि त्याच वर्गांतली आहे हें कळावयास पुढें कित्येक दशकें जावीं लागलीं. १९६० नंतर तशी शंका व्यक्त होऊं लागली, १९९० नंतर पुरावा बळकट झाला, आणि २००५ सालीं स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांनीं आपल्या दंडाची लांबी सुमारें सत्तावीस हजार प्रकाशवर्षें ठरविली. कोट्यवधि प्रकाशवर्षांपलीकडचें घर आपणांस आधीं दिसलें आणि स्वतःचें घर नंतर. कारण उघड आहे : आपण त्या घराच्या आंत बसलों आहोंत, धुळीनें दृष्टि अडली आहे, आणि बाहेर जाऊन पाहण्याची सोय नाहीं. दुसऱ्यांचीं रूपें पाहून पाहूनच आपल्या रूपाचा तर्क करावा लागला.

स्वतःच्या दोषांचेंहि असेंच आहे. मीं त्या मुलाच्या बाहींतला कागद एका दृष्टिक्षेपांत पाहिला. पण माझ्या वाक्यांतला ‘आहे’ मला महिनाभर दिसला नाहीं, आणि दिसला तोहि दुसऱ्या कोणी बोलल्यामुळें. दुसऱ्याचें वर्तन दिसावें आणि स्वतःचें दिसूं नये, हा दुष्टपणा असतोच असें नाहीं. पुष्कळदां तो केवळ आपल्या बसण्याच्या जागेचा परिणाम असतो. तो परिणाम आहे हें एकदां कळल्यावर मात्र त्याची सबब सांगतां येत नाहीं.

राहतां राहिली दुरुस्तीची गोष्ट. देवयानी दीर्घिका नऊ लाख प्रकाशवर्षें दूर आहे असें हबल यानें ठरविलें होतें. १९५२ सालीं बाडे यानें दाखवून दिलें कीं, ज्या ताऱ्यांच्या आधारें तें अंतर काढलें त्यांच्या दोन निराळ्या जाती आहेत, आणि म्हणून तें अंतर निदान दुप्पट करावें लागेल. आज तें सुमारें पंचवीस लाख प्रकाशवर्षें मानतात. या दुरुस्तीनें हबलची कीर्ति उणी झाली नाहीं. कोणी त्याला खोटारडा म्हटलें नाहीं. चूक कोठें होती हें दाखविणें आणि तें स्वीकारणें हा त्या शास्त्राचा नित्याचा व्यवहार आहे. आपल्या व्यवहारांत मात्र मत बदलणें म्हणजे हार मानणें असें समजतात. मलाहि आरंभीं तसेंच वाटलें. गप्प राहिलों असतों तर माझें वाक्य कोणाच्या लक्षांतहि राहिलें नसतें. पण ज्याचें त्यानें नुकसान केलें, त्याला तें माहीतच नव्हतें, ही गोष्ट मला अधिकाधिक असह्य होऊं लागली.

मीं संस्थेला पत्र लिहिलें; पण जागा भरली गेली होती, आणि ज्याला ती मिळाली त्याचा कांहीं अपराध नव्हता. मग एके सायंकाळीं मी त्या विद्यार्थ्याकडे गेलों. तो काम करतो तें दुकान माझ्या घरापासून पायीं पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे. बावीस वर्षांत तेवढी वाट मीं कधीं चाललों नव्हतों. त्यानें मला बसावयास खुर्ची दिली, चहा मागविला. मीं काय बोललों होतों तें त्याला जसेंच्या तसें सांगितलें. तो कांहीं वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, कागद माझ्याजवळ होता तें खरेंच आहे. पण पुढचें तुम्ही एकदां विचारायला हवें होतें.”

यावर मजजवळ उत्तर नव्हतें. तो रागावलेला दिसला नाहीं. पण तो रागावला नसेल असें मी येथें लिहिणार नाहीं, कारण मीं पाहिला तो त्याचा चेहरा, मन नव्हे. चहा संपल्यावर त्यानें मला आपलें वाचनालय दाखविलें. तेथें सात-आठ मुलें दिव्याखालीं बसून वाचीत होतीं, आणि भिंतीवर कोणत्या तरी मासिकांतून कापलेलें एका दीर्घिकेचें चित्र चिकटविलेलें होतें. ती कोणती हें मला ओळखतां आलें नाहीं. मीं त्याला विचारलें.